घरच्या घरी ‘तीन महिन्यांची शुगर’: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून घरी एचबीएवनसी (‘तीन महिन्यांची शुगर’ सांगणारा रक्तातला आकडा) तपासायचा किट आणला. त्यावर ६.८ टक्के आले, पाच दिवसांनी लॅबमध्ये ७.२. खरा आकडा कोणता? किट फेकून द्यावा का? (नाशिक)

उत्तर : फेकू नका. दोन्ही आकडे एकाच साखरेचे असू शकतात. ही तपासणी कितपत अचूक असावी यासाठी अमेरिकेत प्रयोगशाळांना लावली जाणारी मर्यादा अधिक-उणे ६ टक्के आहे. ७.२चे ६ टक्के म्हणजे सुमारे ०.४. म्हणजे खरी किंमत ७.२ असताना ६.८ ते ७.६ मधला कोणताही आकडा ‘बरोबर’च धरला जातो. लॅबच्या यंत्रालाही थोडी चूक असतेच. म्हणून दोन तपासण्यांत अर्ध्या टक्क्याहून कमी फरक असेल, तर साखर सुधारली की बिघडली हे त्यावरून ठरवू नये आणि गोळ्यांचे प्रमाण तर त्यावरून बदलूच नये. वर्षभर एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासा. किट वापरायचा तर मधल्या काळात अंदाज घेण्यापुरता. मधुमेह आहे की नाही, हे मात्र घरच्या किटवरून ठरवायचे नसते.

महिन्या-महिन्याला तपासण्याचाही उपयोग नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. आकड्यातला जवळजवळ अर्धा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, उरलेला त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांचा. औषध बदलले असेल तर तीन महिन्यांनी, सगळे स्थिर असेल तर वर्षातून दोनदा तपासणी पुरते.

प्रश्न : त्याच प्रकारच्या किटमध्ये दोन वेळा नुसता ‘एरर’ आला. एक कार्ट्रिज (यंत्रात बसवायची, एकदाच वापरायची पट्टी) बरीच महाग पडते. चुकते कुठे? (ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा थंडपणात, रक्ताच्या मापात किंवा वेळेत. कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवली असेल तर वापरण्याआधी तासभर बाहेर काढा, पाकीट मात्र बंदच ठेवा. यंत्राचा आणि कार्ट्रिजचा लॉट क्रमांक एकच हवा. जुन्या यंत्रात नव्या डब्यातली कार्ट्रिज चालत नाही.

हात कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हात थोडा वेळ खाली सोडा आणि बोटाच्या टोकावर नव्हे, कडेला टोचा. या किटला साधारण ५ मायक्रोलिटर रक्त लागते. ग्लुकोमीटरच्या पट्टीला १ मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी पुरते, म्हणून नेहमीचा बारीक थेंब इथे अपुरा पडतो. टोचणीची खोली एक घर वाढवा. बारीक नळी टोकापर्यंत भरली पाहिजे, मध्ये हवेचा बुडबुडा नको, आणि नळीच्या बाहेर लागलेले रक्त पुसून टाका. मग ती द्रावणाच्या डबीत घालून सहा-सात वेळा जोरात हलवा. कार्ट्रिजचे पाकीट त्यानंतरच फोडायचे. पाकीट आधी फोडून मग रक्त काढायला बसणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उघडलेली कार्ट्रिज दोनेक मिनिटांत वापरावी लागते, कारण तिला हवेतला दमटपणा लागतो. नमुना घातल्यावर पाच मिनिटे यंत्र सपाट जागी असू द्या. उचलून बघू नका. प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते, तेव्हा पत्रक आधी पूर्ण वाचा.

उपाशी राहायची गरज नाही. आत्ताच्या जेवणाने हा आकडा हलत नाही.

प्रश्न : वय ४४. सकाळची उपाशीपोटी साखर ११० ते १२० असते, तरी एचबीएवनसी ७.९! ग्लुकोमीटर खोटा की लॅब? (सोलापूर)

उत्तर : आधी हिशेब पाहा. एचबीएवनसीला २८.७ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ७ला १५४ येते, ८ला १८३; तुमच्या ७.९ला १८०. सकाळचे ११५ आणि सरासरी १८० यांत बरेच अंतर आहे, पण त्याची दोन साधी कारणे असू शकतात.

पहिले, तुम्ही दिवसातली सगळ्यांत शांत वेळ तेवढी मोजता. तीन दिवस प्रत्येक जेवणाआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा. ताट संपल्यापासून नव्हे. काय आणि किती खाल्ले तेही शेजारी लिहा. पोहे-चहाच्या नाश्त्यानंतर २२० दिसले, तर कोडे सुटलेच. (सर्वसाधारण लक्ष्य जेवणाआधी ८० ते १३०, नंतर १८०च्या आत, तुमचे डॉक्टर ठरवतील.)

जेवणानंतरचे आकडेही १५०च्या आसपासच राहिले, तर संशय रक्तावर घ्यायचा. लोह कमी असताना एचबीएवनसी साखरेशिवायच वर सरकतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर आकडा खाली येतो, ती साखरेची सुधारणा समजू नका. उलट, नुकतेच रक्त चढवले असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतील, तर तो खोटा कमी येतो. गरोदरपणातही तो खाली येतो, तिथे ग्लुकोमीटरचाच आधार घ्यावा.

प्रश्न : वडिलांना सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) ‘वाहक’ सांगितले आहे, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. किट चालेल? (गडचिरोली)

उत्तर : घरचा किट टाळा. हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचे असेल तर काही पद्धती चुकतात, आणि घरच्या किटमध्ये ती चूक कळायला मार्ग नसतो. लॅबला फॉर्मवरच ‘सिकलसेल वाहक’ लिहून द्या आणि त्यांची पद्धत वाहकांत चालते का ते विचारा. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल, तर पेशी १२० दिवस जगतच नाहीत. मग कुठल्याच पद्धतीचा एचबीएवनसी उपयोगाचा नाही. तिथे ग्लुकोमीटरची वही आणि दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामीन तपासणी कामी येते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिथे ‘मी वाहक आहे का’ हे प्रत्येक मधुमेही रुग्णाने डॉक्टरांना एकदा तरी विचारावे.

प्रश्न : पावसाळ्यात ग्लुकोमीटर उलटसुलट आकडे दाखवतो. (रत्नागिरी)

उत्तर : यंत्रापेक्षा पट्ट्या दमटल्या असतील. पट्टी काढताच डबीचे झाकण लावा. ओल शोषणारा पदार्थ त्या डबीतच असतो, म्हणून पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नका. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर पाणी धरते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. त्यानंतर किती महिने चालते ते डबीवर छापलेले असते. शंका आली की कंट्रोल द्रावणाचा (साखरेचे प्रमाण आधीच ठरलेल्या, पट्टी तपासायच्या द्रावणाचा) थेंब टाकून पाहा.

आणि रत्नागिरीकरांना हे सांगायलाच हवे : आंबा कापून, हात न धुता टोचले तर बोटावरची साखरही मोजली जाते. सॅनिटायझरने ती जात नाही. पाणीच हवे.

प्रश्न : लंडनच्या बहिणीचा एचबीएवनसीचा रिपोर्ट ५३ आला. घाबरावे का? (पुणे)

उत्तर : नाही. तिकडचे एकक वेगळे आहे. ५३ म्हणजे आपले ७ टक्के, ४८ म्हणजे ६.५.

प्रश्न : वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या? (कोल्हापूर)

उत्तर : जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा करा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे ठळक लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळी द्या. सुई दुसऱ्याला वापरू देऊ नका, घरातल्यालाही नाही.