वाचकांचे प्रश्न : ताजे पाणी शेवटच्याच टोकाला का?

प्रश्न : जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचे गाळप नुकतेच पाहिले. उसाचा चोथा एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये पुढे सरकत होता. गरम पाणी मात्र फक्त शेवटच्या मिलच्या आधी सोडले जात होते आणि त्या मिलचा पातळ रस पंपाने मागच्या मिलच्या चोथ्यावर नेला जात होता. प्रत्येक मिलला ताजे पाणी का देत नाहीत? (एक शिक्षक, मोहोळ)

उत्तर : आपले निरीक्षण नेमके आहे. या मांडणीला प्रतिप्रवाह म्हणतात : घन पदार्थ एका दिशेने जातो आणि द्रव त्याच्या उलट दिशेने येतो. शेवटच्या मिलकडे येणाऱ्या चोथ्यात साखर थोडीच उरलेली असते आणि ती काढायची तर त्याला साखर नसलेलेच पाणी भेटले पाहिजे, कारण आतला रस आणि बाहेरचा द्रव सारखेच गोड झाले की साखर बाहेर सरकणे थांबते. हेच पाणी थोडे गोड झाल्यावरही मागच्या मिलला उपयोगी पडते, कारण तिथला चोथा त्याहून गोड असतो.

प्रत्येक मिलला ताजे पाणी दिले तर साखर किंचित अधिक निघेल, पण ते सगळे पाणी पुढे इव्हॅपोरेटरमध्ये आटवावे लागेल. १५ ब्रिक्सच्या (म्हणजे दर १०० किलोत १५ किलो विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर, असलेल्या) १०० किलो रसापासून ६० ब्रिक्सचा पाक करायचा तर ७५ किलो पाणी उडवावे लागते. तोच रस पाणी मिसळून १२ ब्रिक्सवर आला, तर तेवढ्याच पाकासाठी १०० किलो पाणी उडवावे लागेल. वाफेचा हा एक तृतीयांश वाढीव भार कोणताही कारखाना आनंदाने उचलणार नाही.

काही कारखान्यांत मिलऐवजी डिफ्युजर असतो आणि त्याची रचना मला अधिक विचार करायला लावणारी वाटते. त्यात बारीक केलेल्या उसाचा जाड थर साखळ्यांवरून हळूहळू पुढे जातो, रस त्याच्यावर शिंपडला जातो आणि थरातून झिरपत खालच्या कप्प्यात जमतो. तेथून पंप तो एक कप्पा मागे नेऊन पुन्हा वरून सोडतो. म्हणजे एका कप्प्यापुरते पाहिले तर रस थराला आडवा छेदतो, संपूर्ण यंत्र पाहिले तर तो उसाच्या उलट दिशेने जातो. मात्र ऊस फार बारीक झाला किंवा थर दबला, तर झिरपणे मंदावते आणि रस वरच तुंबतो. ऊस फार जाड राहिला तर रस मोठ्या फटींतून पळतो आणि न फुटलेल्या पेशींतली साखर जागीच राहते. म्हणून फायबरायझरची (उसाचे बारीक तंतू करणाऱ्या यंत्राची) धार आणि थराची एकसारखी जाडी यांकडे दुर्लक्ष करून केवळ प्रवाहाच्या दिशेवर विसंबणे चुकीचे ठरते.

प्रश्न : आमच्या टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगाईनंतर धुण्याच्या तीन टाक्या आहेत व प्रत्येकीत स्वतंत्र ताजे पाणी जाते. पाण्याची टंचाई पाहता काही बदल शक्य आहे का? (एक उद्योजक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : शक्य आहे आणि सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात तो करायलाच हवा. एक सोपे गणित मांडतो. पिळल्यानंतर दर किलो कापडात १ लिटर रंगमिश्रित पाणी राहते आणि धुण्यासाठी एकूण ३ लिटर ताजे पाणी आहे, असे धरू. सगळे ३ लिटर एकाच टाकीत वापरले, तर सुटलेल्या रंगाचा २५ टक्के भाग कापडासोबत राहतो. आपल्यासारखे प्रत्येक टाकीला १ लिटर दिले तर १२.५ टक्के राहतो. परंतु तेच ३ लिटर फक्त तिसऱ्या टाकीत सोडून, तिथून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत नेले तर केवळ २.५ टक्के उरतो. पाणी तेवढेच आणि सांडपाणीही तेवढेच, फक्त पाण्याची वाट बदलली.

हे आकडे कापड व पाणी प्रत्येक टाकीत पूर्ण मिसळते आणि प्रत्येक टाकीनंतर नीट पिळले जाते, या गृहीतावर आहेत. टॉवेलच्या फासांत पाणी खोल अडकते, म्हणून पिळणाऱ्या रोलरचा दाब कमी असेल तर हिशेब लगेच बिघडतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाचा) न बसलेला अंश सुटायला तापमान आणि वेळही लागतो. त्यासाठी गरम टाकी राखून ठेवावी. गडद रंगानंतर फिका माल घेताना टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, कारण मागून येणारे पाणी आता आधीच्या मालाचा रंग बाळगून असते.

प्रश्न : कांद्याच्या चकत्या वाळवण्याच्या बोगद्यात गरम हवा ट्रॉल्यांच्या उलट दिशेने सोडली, तर काठावरचा कांदा तपकिरी होतो. प्रतिप्रवाह सर्वोत्तम असतो ना? (बार्शी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : नेहमी नाही. उलट दिशेच्या हवेत सर्वांत कोरडा कांदा सर्वांत गरम हवेसमोर येतो. त्याच्याजवळ उडवायला पाणी नसते, म्हणून त्याचे तापमान हवेइतके चढते आणि तो करपतो. ओला कांदा मात्र तीच हवा सोसतो, कारण बाष्पीभवनामुळे तो थंड राहतो. म्हणून सुरुवातीच्या भागात हवा आणि ट्रॉल्या एकाच दिशेने न्याव्यात, व शेवटच्या भागात, जिथे उरलेला थोडा ओलावा काढायला कोरडी हवा लागते, तिथे कमी तापमानाची हवा उलट दिशेने द्यावी. आणखी एक तपासणी अवश्य करा : ट्रॉली आणि भिंत यांच्यात फट असेल तर हवा चकत्यांना न शिवता त्या फटीतून निघून जाते आणि काठावरच्या चकत्या आतल्यांहून आधी वाळतात. रबरी पडदे लावून ती फट बंद करावी आणि मगच तापमानाचे काटे हलवावेत.