ते खोडरबर आधी कपाटावर ठेवा

लेक तिसरीत, गणिताची वही काढली की डोळ्यात पाणी, 'मला गणित येतच नाही' हे वाक्य पाढ्यापेक्षा पक्कं पाठ, बाई म्हणतात कॉन्फिडन्स नाही, तर तो कसा आणायचा, असं एका आईने विचारलंय.

ताई, तुम्ही क्लास बदललात, अबॅकस लावून बघितलं, मोठीचे मार्क ऐकवून झाले (हे कशाला हो?), सगळं वाचलं. पण मी अडकले ती तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्याशी, की 'चुकलेलं मीच खोडून देते, ती खोडते तेव्हा पान काळं होतं'.

अहो, काय करताय! तुम्हीच लिहिलंय की परवा ४०३ वजा १७८ चं उत्तर तिने ३७५ आणलं, 'इतकं सोपं असून'. मग ते खोडलंत आणि २२५ लिहून घेतलंत. पान स्वच्छ झालं आणि पोरगी कुठे अडली याचा एकुलता एक पुरावा गेला. जरा बघा, ३७५ आलं कुठून? ८ तून ३ गेले ५, ७ तून ० गेला ७, ४ तून १ गेला ३. तिने धांदरटपणा केलेला नाही, तीनही घरात एकच नियम लावलाय, मोठ्यातून लहान काढायचा. आणि हा नियम आपणच शिकवलाय, 'लहानातून मोठं जात नाही' असं पहिलीपासून सांगून! तिचं फक्त हातच्यापाशी अडलंय, त्यात मधे शून्य, म्हणजे दशकाकडे मागायला जावं तर त्याच्याचकडे काही नाही, शंभराचीच नोट मोडायला लागणार. एवढंच न कळणं आणि 'गणित येत नाही' यात किती फरक आहे, आणि तो तिला कोणी सांगितलेलाच नाहीये.

मुलांच्या चुका अशाच असतात, उगाच नसतात. बासष्ट ऐकून २६ लिहिणारं पोर नीटच ऐकत असतं, आपल्या भाषेत दोन आधी येतो त्याला ते काय करणार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' असंही म्हणा म्हटलं तर आपण मोठी माणसंच किती खिदळलो, आठवतंय ना? असो.

तर कॉन्फिडन्सचं राहू दे. आज रात्री खोडरबर कपाटावर टाका, तिचं आणि तुमचंही. चुकलं की एक रेघ मारायची, आकडे दिसायला हवेत, आणि तुम्ही इतकंच विचारायचं, 'हे कसं आणलंस गं?' आणि मग गप्प बसायचं, खरंच गप्प, ती अडखळली तरी, मधेच उत्तर पुरवायचं नाही. बाईंनी खाडाखोडीवर शेरा मारला तर मारू दे, त्यांना जाऊन तुम्ही भेटा, तिला पुढे करू नका.

महिन्याभराने परत लिहा आणि सोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवा, घाणेरड्यातल्या घाणेरड्या पानाचा.