'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात, चौघांच्या कमांडर (शंभर पत्त्यांच्या डेकचा प्रकार) डावात माझा झटपट हल्ल्याचा डेक (पत्त्यांचा संच) नेहमी का हरतो?

साधा हिशेब बघ. 'मॅजिक'च्या दोघांच्या डावात समोर 20 लाइफ असतं; ते शून्यावर आलं की खेळाडू बाद. कमांडरमध्ये प्रत्येकाला 40, म्हणजे तुला तिघांचे मिळून 120 कापायचे आहेत. सगळा जोर एकावर लावलास तर तुझे पत्ते संपतात आणि उरलेल्या दोघांचं आयतंच फावतं.

दादरला मित्राकडे आम्ही रविवारी खेळतो. परवा मी पाचव्या टर्नला सात गॉब्लिन (हल्ला करणारे क्रीचर, म्हणजे प्राण्यांचे पत्ते) मांडून बसलो होतो, हातात एकही पत्ता नाही. समोरच्याने चार 'माना' (पत्ते टाकायला लागणारी शक्ती) खर्चून 'रॅथ ऑफ गॉड' हा पत्ता टाकला आणि टेबलावरचे सगळे क्रीचर गेले. पुढे तासभर मी एकेक पत्ता ओढत होतो.

म्हणून दोन-तीन क्रीचर कायम हातात राखून ठेव. शंभर पत्त्यांत लँड ('माना' देणारे पत्ते) 36-37 असू देत आणि पत्ते ओढायला देणारे निदान दहा हवेतच. माझ्या मते हल्ल्याच्या डेकमध्ये लोक हेच विसरतात. 'प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला' डॅमेज देणारे पत्ते शोध, एकाच फटक्यात तिघांना लागतं. आणि टेबलावर सगळ्यात धोकादायक तूच दिसू नकोस, नाहीतर तिघं मिळून आधी तुलाच बाहेर काढतील.