पावतीवर पावणेआठ, हातात सव्वासात

प्रश्न : राजारामपुरीतल्या एका बँकेत दोन वर्षांपूर्वी आठ लाखांची मुदत ठेव ठेवली. पावतीवर ७.७५ टक्के दर छापलाय. मुदत संपल्यावर मात्र ७.२५ टक्क्यांनीच पैसे बचत खात्यात जमा झाले. मॅनेजर म्हणतात, 'तेव्हा तुम्हाला साठ पूर्ण नव्हती, ज्येष्ठ नागरिकांचा दर चुकून पडला.' ठेव ठेवल्यावर दोनच महिन्यांनी मला साठ पूर्ण झाली. फरक मिळेल का? (एक निवृत्त लिपिक, कोल्हापूर)

उत्तर : तिमाही चक्रवाढ धरली तर फरक नऊ हजारांच्या थोडा वर जातो. सोडून द्यावी अशी ही रक्कम नाही.

पावती हा करारच आहे. एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्या कारणावरून करार मोडता येत नाही, असं करार कायद्याचं कलम २२ सांगतं. पण नुसत्या पावतीवर भांडायला जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्याज आधी जाहीर केलेल्या तक्त्याप्रमाणेच द्यावं लागतं आणि एकाच दिवशी ठेवलेल्या सारख्या ठेवींत भेदभाव चालत नाही. बँक हेच पुढे करणार, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून ठेवीच्या तारखेचा दरतक्ता आधी लेखी मागा. साठीच्या आतल्यांसाठी त्यात ७.७५ टक्के असेल, तर विषय तिथंच मिटला.

नसेल, तर मुद्दा बदला. तुम्ही वय लपवलं नव्हतं. केवायसीच्या कागदांवर जन्मतारीख होतीच. बँकेनं चूक वेळेवर कळवली असती, तर साठी पूर्ण होताच ठेव मोडून ज्येष्ठांच्या दरानं नवी करता आली असती. दोन महिन्यांच्या व्याजावर थोडं पाणी सोडावं लागलं असतं, इतकंच. बँकेच्या गप्प राहण्यानं ती संधी गेली. ही सेवेतली त्रुटी आहे, आणि नुकसानभरपाई तिच्यावर मागायची.

हे सगळं शाखेला लेखी द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. 'संपूर्ण रक्कम मिळाली' अशा कागदावर सही मागितली, तर वर 'हरकत राखून' असं लिहूनच करा. मूळ पावती देण्याआधी तिची झेरॉक्स काढा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथं फी नाही. वकिलामार्फत तक्रारही चालत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या वकिलावरचा तुमचा खर्चही वाचला! बँकेचं उत्तर आल्यावर मात्र दिवस काढू नका. तिथंही समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथली मुदत दोन वर्षांची, म्हणजे कमी पैसे जमा झाल्याची तारीख लिहून ठेवा.

तोवर नऊ लाख बचत खात्यात झोपवू नका. आता तुम्ही खरोखर ज्येष्ठ आहात, तेव्हा दोन-तीन बँकांचे दर विचारा आणि नव्या पावतीवर दर, वर्ग, जन्मतारीख काउंटरवरच तपासा. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे, म्हणून रक्कम दोन बँकांत विभागा. गल्लीतली पतसंस्था एक टक्का जास्त देईलही, पण तिथं हा विमाही नाही आणि लोकपालही नाही.