पहिल्याच महिन्यात द्यायचा अर्ज

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

शहाद्याला कला शाखेच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतल्याचे तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्याला अंधुक दिसते हे कार्यालयात सांगावे, की उगाच बोभाटा नको म्हणून गप्प राहावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते सांगावे, लेखी सांगावे आणि परीक्षेच्या अर्जांची घाई सुरू होण्यापूर्वी, पहिल्याच महिन्यात सांगावे.

जादा वेळ किंवा लेखनिक (तू सांगशील ती उत्तरे लिहिणारी व्यक्ती) मागताना तुला संकोच वाटतो, कारण घरी-दारी त्याला मेहेरबानी समजले जाते. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करणे, जादा वेळ देणे आणि लेखनिक उपलब्ध करून देणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा वेळ तासामागे किमान २० मिनिटे असावा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

अर्जात “मी दिव्यांग आहे, सहकार्य करावे” एवढेच लिहिलेस, तर वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल, पण नेमके काय करायचे ते कळणार नाही. म्हणून गरज लिही: फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे, पुढच्या बाकावर जागा मिळावी, प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात मिळावी, आणि लेखनिक व जादा वेळ अंतर्गत चाचणीलाही मिळावा. ही शेवटची मागणी बहुतेक जण विसरतात आणि तेथेच गुण जातात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

नोट्सविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ही अडचण डोळस माणसाच्या लक्षातच येत नाही. तुझ्या फोनमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील विनामूल्य एनव्हीडीए हे वाचक-सॉफ्टवेअर युनिकोडमधील, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतातील, मराठी नीट वाचून दाखवते, परंतु श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पान उघडले, की तेच यंत्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ म्हणू लागते. प्राध्यापकांनी मनापासून पाठवलेल्या नोट्सही अशा वेळी कुचकामी ठरतात. त्यांच्यासमोर फोन धरून एकदा ऐकव. माझा अनुभव असा, की त्यानंतर फारसे समजावावे लागत नाही.

लेखनिकाच्या बाबतीत मात्र केवळ परवानगीवर विसंबू नकोस. परीक्षेआधी त्याच्यासोबत जुनी प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण वेळ बसावे. प्रश्न आधी दोनदा वाचायचा, नवा परिच्छेद कोठे, अधोरेखन कोठे, हे तू कोणत्या शब्दांत सांगणार, ते तेव्हाच ठरते. इतिहासातील नावे आणि राज्यशास्त्रातील संज्ञा त्याला लिहायला लाव, म्हणजे ऐन पेपरात एकेक अक्षर फोडून सांगावे लागणार नाही. भाषेच्या पेपरसाठी वेगळा लेखनिक घेण्याची मुभा २०१८ च्या त्याच सूचनांत आहे. इंग्रजीच्या पेपराला ती जरूर वापर.

दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचे काम आता लांबवू नकोस. केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे याच ओळखपत्रासाठी, अर्ज करून मगच नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. धडगाव-अक्कलकुव्याकडील मुलांचा तर एका फेरीत अख्खा दिवस जातो, म्हणून कागद अपुरे ठेवून निघणे परवडत नाही. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधील ५ टक्के राखीव जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लेखनिकाचा प्रश्न वेगळा आहे. प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्याच कारणावरून लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तुझ्या वर्गात असा कोणी असेल, तर त्यालाही हे सांग.

कोणी तोंडी नकार दिला, तर वाद न घालता तोच नकार लेखी माग. त्यानंतर आधी प्राचार्यांकडे, मग जळगावला विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आणि तरीही काम झाले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. प्रत्येक ठिकाणी पोच घेतलेली प्रत जोडावी. अर्जाचा मसुदा तयार झाला, की कार्यालयात देण्यापूर्वी मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवीन.

तुझा शुभचिंतक