सोमवारचा मुहूर्त आणि ६२० रुपयांचे पान

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २७. म्हापशात एका ऑफिसात हिशेब सांभाळते, हातात महिन्याला ३१,००० रुपये येतात. मे महिन्यात, एका सोमवारी, माझे लग्न आहे. विधी सकाळी फोंड्याकडच्या एका देवळाच्या हॉलमध्ये. तिथेच दुपारी शाकाहारी जेवण द्यावे, की संध्याकाळी म्हापशाला दुसरा हॉल घेऊन सामिष बुफे आणि बार ठेवावा, यावरून घरात वाद आहे. आमच्या बाजूची चारशे माणसे धरली आहेत. वरपक्ष आपले रिसेप्शन पेडण्याला स्वतःच्या खर्चाने करणार आहे. जेवणासाठी मी अडीच लाख बाजूला काढले आहेत. दर असे आले : शाकाहारी पान ३८० रुपये, चिकन शागुती आणि तळलेली विसवण (सुरमई) धरून ६२०, एका मोठ्या हॉटेलात १,१५०. दारूचा अंदाज मामांनी ९०,००० काढला आहे. बाबा फेरीबोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झाले. वाड्यावरच्या मागच्या लग्नात बार होता, आपल्याकडे नसला तर बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बँक तीन लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. लाडली लक्ष्मी या सरकारी योजनेचे एक लाखही आहेत. काय करू?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मी पहिल्यांदा थांबलो तो ‘सोमवारी’ या शब्दापाशी. आपल्याकडे सोमवारी नुस्ते (मासे) न शिवणारी घरे किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज संध्याकाळी आईला यादी घेऊन बसवा आणि सोमवार पाळणाऱ्यांच्या नावापुढे खूण करायला सांगा. माझा अंदाज, निम्म्या नावांपुढे खुणा पडतील. केटरर मात्र शागुतीकडे न बघणाऱ्याचेही ६२०च लावणार. बुफेचा दर डोक्यावर असतो, ताटात काय पडले यावर नसतो. चारशेतले दोनशे जण वरणभातावर उठले, तर माणशी २४० प्रमाणे ४८,००० रुपये कोणाच्याच पोटात न जाता गेले. कर वेगळाच.

बरे, संध्याकाळचा बेत कागदावर दिसतो तेवढ्यात आटपत नाही. ४०० पानांचे ६२० प्रमाणे २,४८,०००, त्यावर केटररचा ५ टक्के जीएसटी धरला की २,६०,४००. अडीच लाखांची रेघ इथेच ओलांडली. शिवाय सकाळच्या विधीला आलेल्यांना उपाशी पाठवता येणार नाही. घरचे, भटजी, लांबून आलेले पाहुणे असे शंभर-सव्वाशे जण दुपारी जेवणारच. १२० पाने करासह ३९९ रुपयांनी धरली तर ४७,८८० होतात. त्यात मामांचे ९०,००० मिळवा, बेरीज ३,९८,२८०. दुसऱ्या हॉलचे भाडे, तिथली सजावट आणि फोंडा ते म्हापसा गाड्या यात मी अजून मोजलेल्याच नाहीत.

हॉटेलावर फार वेळ घालवू नका. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर जाते, तिथल्या जेवणावर कर ५ नाही, १८ टक्के लागतो. १,१५० चे पान त्यामुळे १,३५७ ला पडते आणि ४०० पाने ५,४२,८०० ला. नुसता कर ८२,८०० रुपये.

आता बार. यादीत पिणारे किती आहेत? लहान मुले, बहुतेक बायका आणि म्हातारी माणसे वगळली की नव्वदच्या वर आकडा जाईल असे वाटत नाही. म्हणजे मामांच्या हिशेबाने पिणाऱ्यामागे हजार रुपये, आणि जेवणाऱ्यामागे ६२०. घरच्या लग्नात ही वाटणी मला उफराटी वाटते. शिवाय समारंभात दारू द्यायची तर अबकारी खात्याकडून त्या दिवसापुरता परवाना काढावा लागतो. ‘मे महिना आहे, ओळखीच्या भट्टीवरून काजूची हुर्राक आणू, स्वस्तात होईल’ असे कोणीतरी सुचवेलच. आणा, पण म्हणून परवाना टळत नाही. आणि गोव्यात पिण्याचे कायदेशीर वय २१ आहे. काउंटरवर चुलतभावंडांना कोण अडवणार, हेही आधीच ठरवावे लागेल.

कर्जाला माझा नकार आहे, आणि तो तत्त्वाचा नाही, आकड्यांचा आहे. तीन लाखांचा हप्ता १०,२५३ च्या आसपास बसतो, म्हणजे तीन वर्षे पगाराचा तिसरा हिस्सा. व्याज म्हणून ६९,००० वर जातात. तेवढ्यात शाकाहारी पंगतीची १७० पाने उठली असती. आणखी एक गोष्ट, जी बँकेतला माणूस सांगणार नाही : आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. कायद्याच्या बारकाव्यात मी शिरत नाही. हप्ता तुमच्या नावावर असला तरी भरला जाणार दोघांच्या संसारातून. तेव्हा कर्ज काढायचेच ठरले, तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्ननोंदणीची पहिली सही करण्याआधी नवऱ्या मुलाच्या कानावर घाला. ‘पाकिटांतून फेडू’ हा हिशेब मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. मंडपवाल्याचे आणि फोटोवाल्याचे देणे भागवल्यावर त्या पाकिटांत कर्जाला पुरेल इतके उरलेले मी अजून पाहिलेले नाही.

लाडली लक्ष्मीचा एक लाख या हिशेबात धरूच नका. सरकारी कागद पुढे सरकण्याची तारीख आणि केटररचे बिल चुकते करण्याची तारीख जुळेलच असे नाही. आणि तो पैसा तुमच्या नावाचा आहे. लग्नानंतर बाईच्या एकटीच्या नावावर राहणारा पहिला लाख फार उपयोगाचा असतो.

माझे मत देवळाच्या हॉलमधल्या दुपारच्या जेवणाला. मात्र शाकाहारी म्हणजे आपोआप स्वस्त, अशा समजुतीत राहू नका. गोव्याचे सोवळ्यातले जेवणही नारळावर आणि काजूवर चालते, आणि नारळाचा भाव अलीकडे किती चढला ते बाजारात जाणाऱ्याला ठाऊक आहे. मे महिन्याचा फायदा घ्या. रायवळ आंब्याचे सासव करा, मानकुराद घरच्या माणसांना ठेवा. फणसाची भाजी, खतखते, मुगागाठी, पुरी, वरणभात, एक भजी, जिलेबी आणि शेवटी मणगणे, एवढ्यात पान भरते. पनीर, चाट काउंटर, नूडल्सचे काउंटर यांना सरळ नाही म्हणा. एकेका काउंटरने पानाचा दर वर सरकतो आणि खतखते पातेल्यात राहते. बाटलीबंद शीतपेयांऐवजी आल्याआल्या कोकम सरबत द्या. सोलकढी मात्र पंगत बसायच्या तोंडावरच करायला सांगा. मेच्या उकाड्यात नारळाचा रस सकाळपासून ठेवला तर दुपारी आंबतो. पंगत घेतली तर नासाडी बुफेपेक्षा कमी होते, पण ३८० मध्ये वाढपी धरले आहेत का, ते विचारा. हा खर्च बरेचदा शेवटी निघतो.

चारशे पानांची हमी देऊ नका. सोमवारच्या दुपारी सुटी न मिळणारे बरेच असतील. ३४० ची हमी द्या आणि वरची पाने त्याच दराने मिळतील असे लिहून घ्या. माझ्या नात्यातल्या एका लग्नात हमी वाढवून दिली आणि रात्री दीडशे माणसांचे अन्न कोणाकडे पाठवावे म्हणून आम्ही फोन फिरवत बसलो होतो. ३४० पाने करासह १,३५,६६० ला पडतात. बिल बँकेतून द्या. एका कार्याचे दोन लाख किंवा त्याहून अधिक रोखीत घेणे केटररलाही कायद्याने चालत नाही.

सामिष जेवण पाचपरतावणाला, म्हणजे लग्नानंतर जोडी माहेरी येते तेव्हा, ठेवा. तुमच्या घरी, मोजकी साठ माणसे. दिवस बुधवार किंवा रविवार बघा आणि मे संपायच्या आत उरका, कारण १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि विसवणीला हात लावायची सोय राहत नाही. ऑर्डर लहान म्हणून केटरर दर वाढवेल. ७०० धरले तरी करासह ४४,१००. दोन्ही मिळून १,७९,७६०. लग्नाला अगदी चारशेच्या चारशे माणसे आली, तरी वरच्या ६० पानांचे २३,९४० मिळवून आकडा २,०३,७०० वर थांबतो. उरलेले सेहेचाळीस हजार नारळाच्या भावाला आणि ऐन वेळच्या गोष्टींना असू द्या, आत्ताच कशात अडकवू नका.

राहिले बाबा. चारशे माणसांना दारू पाजण्याची त्यांची हौस असेल असे मला पत्रावरून वाटत नाही. फेरीवरच्या दहा-बारा जुन्या सोबत्यांना मुलीच्या लग्नात नीट बसवायचे, एवढेच त्यांच्या मनात असावे. त्यांना एकदा तसे विचारून बघा. बारा माणसांची संध्याकाळ दहा हजारांत होते, आणि तिला मुहूर्त लागत नाही.