परत यायचं की नाही, हे सोमवारी ठरवू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आर्वीकडच्या खेड्यातून फ्रान्समधल्या लियोंला पेस्ट्रीचा डिप्लोमा करायला जाऊन अडीच महिने झाले, पहाटे चारची पाळी, शेफ ओरडतो, क्रोसाँ लाटताना पिठाच्या घडीत घातलेल्या बटरचे आतल्या आत तुकडे होतात, आणि बाबांनी वावरावर कर्ज काढलंय म्हणून घरी "मजेत आहे" एवढंच सांगतेस. परत यावं का, असं विचारलंयस.

मी वरूडकडची. संत्र्याचं वावर, माळकरी घर. २०१२ साली त्याच शहरात सीएपी पातिसिए, म्हणजे तिथला पेस्ट्रीचा डिप्लोमा, करायला गेले, चार वर्षं राहिले, आणि आता इकडं तालुक्याच्या गावात छोटी बेकरी चालवते. तेव्हा जे लिहिते ते माझ्यावर गेलेलं आहे.

थंडीबद्दल लिहीत नाही. चांगले मोजे घे, आतून थर्मल घाल, झालं. पहाटेच्या पाळीचंही कौतुक नको. कृषिपंपाची लाइन रात्रीची असायची तेव्हा बाबा दोन वाजता उठून मोटार चालू करायला जायचे, मी बॅटरी धरून मागे. चारला उठणं आपल्या अंगात आहे. जड जाते ती दुपार. एक वाजता पाळी संपते, हात रिकामे होतात, आणि हिवाळ्यात तिथले एक म्हणजे इथले साडेपाच. माणसं वावरातून परतताहेत, कोणी बैलं सोडतंय, आई चूल पेटवतेय, हे सगळं तुला डोळ्यांपुढं दिसतं. त्यात पेस्ट्रीवाल्यांची सुट्टी बहुधा सोमवारी. रविवारी आख्खं शहर केक न्यायला येतं, आणि सोमवारी तू मोकळी तर बाकी सगळे कामावर. मी परत जायचं जितक्या वेळा ठरवलं ते सगळे सोमवारच होते. चौथ्या-पाचव्या वेळी हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा सोमवारची दुपार भरून टाकली. गियोतिएर भागात आशियाई आणि आफ्रिकी दुकानं आहेत, तिथं ज्वारीचं पीठ मिळालं. भाकर थापली. पहिल्या तीन तर उलथतानाच मोडल्या, पीठ जुनं होतं. पण एक वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत मी काहीतरी करत होते, हे महत्त्वाचं.

आता ओरडण्याबद्दल. यात दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. ट्रे घेऊन येणारा "शो!" म्हणून ओरडतो, मागून जाणारा "देरिएर!" म्हणतो, त्यात राग नसतो. गरम आहे, मागे आहे, एवढंच. तूही तितक्याच मोठ्यानं ओरड. आपण मुली हळू बोलायला शिकून येतो आणि तिथं हळू बोलणारा माणूस दुसऱ्याचा हात भाजतो. भाषेचं म्हणशील तर पहिल्या आठवड्यात "मारीज कुठाय?" असं कोणी विचारलं की मी दाराकडं बघायचे, कोणी बाई यायची असेल म्हणून. मारीज म्हणजे भांडं निपटायचा रबरी चमचा. गोल बुडाच्या वाडग्याला "क्यु द पूल" म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ कोंबडीचं बूड. ही नावं एका वहीत मराठीत लिहून ठेव. अर्धं ओरडणं तिथंच कमी होतं, कारण अर्धं ओरडणं तू चुकीची वस्तू आणतेस म्हणून असतं.

दुसरा प्रकार म्हणजे माणसाला, त्याच्या देशाला, रंगाला बोलणं. माझ्या पहिल्या ठिकाणी ते होतं. मी पाच आठवडे सोसलं, आणि सोसण्यात काही मोठेपणा होता असं मला आज वाटत नाही. तुझ्या स्टाजच्या, म्हणजे दुकानात राहून काम शिकण्याच्या, करारात तीन पक्ष असतात: तू, दुकान आणि शाळा. शाळेतल्या जबाबदार शिक्षकाला लेखी कळव, तारखेसकट. मी कळवल्यावर माझी जागा बदलली. दुसऱ्या जागचा शेफ कमी बोलायचा. एकदा इटालियन मरँगसाठी, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसात घालायला, साखरेचा पाक १२१ अंशांवर न्यायचा होता आणि थर्मामीटर कोणीतरी घेऊन गेलं होतं. मी थंड पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळून पाहिली. आजी बुंदीच्या लाडवाचा पाक असाच बघायची. जुन्या फ्रेंच पद्धतीतही हेच आहे, "पती बुले", म्हणजे छोटी गोळी, आपला गोळीबंद पाक. शेफनं पाहिलं आणि काहीच बोलला नाही. ती शाबासकी होती की त्याचं लक्षच नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून माझे हात थरथरायचे थांबले.

चाखण्याचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण येईल. जिलेटिन बरेचदा डुकराचं असतं, अंडं सगळीकडं, रम अनेक ठिकाणी. न चाखता हा धंदा शिकता येत नाही. मी चाखलं, आणि आजीला चार वर्षांनी सांगितलं. तू काय करायचं ते तू ठरव, फक्त शेफला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेव, ऐन कामात नको. (रमच्या पाकात मुरवलेल्या एका केकचं नाव "बाबा" आहे. मी एकदा फोनवर आनंदानं सांगितलं, "आज दोनशे बाबा रममध्ये बुडवले." पलीकडं बाबाच होते.)

आणि हेच मला मुख्य सांगायचंय, घरी खोटं बोलणं थांबव. मीही "मजेत आहे" म्हणायचे. त्यामुळं झालं असं की रडायला एकही जागा उरली नाही. जिथं रडता आलं असतं तिथंच मी हसत होते. फेब्रुवारीत एका सोमवारी मला बोलताच येईना, तेव्हा आईला कळलं. मला वाटलं आता कर्जाचा विषय निघेल, लोक काय म्हणतील ते निघेल. ती म्हणाली, "मंग ये ना वापस. वावर काई पळून चाललं काय? पैसे फिटतीन हळूहळू. तू काऊन एवढी घाबरते?" मी दोन दिवस खरंच परत जायच्या तयारीत हिंडले, तिकिटाचे भाव पाहिले. तिसऱ्या दिवशी कामावर गेले आणि विसरून गेले. दार उघडं आहे म्हटल्यावर पळायची घाई राहिली नाही. तुझ्या बाबांचं मला ठाऊक नाही, पण कर्ज काढणारा माणूस पोरीचं खरं ऐकू शकत नाही असं तू परस्पर ठरवू नकोस.

कागदांचं थोडक्यात. फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. तुझे अडीच झालेत, राहिलं असेल तर आजच कर. आमच्या वेळी पोस्टानं फॉर्म पाठवावा लागे. परदेशी विद्यार्थ्यांना आरोग्यविम्याची नोंदणी फुकट आहे, तीही कर. बाहेर काम करायचं असेल तर विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तासांची मर्यादा आहे, ती ओलांडू नकोस, कोणी रोख देतो म्हणाला तरी.

राहिलं बटर. दिवाळीत चिरोटे केले असशील तर तुझा हात कुठं फसतोय ते मला दिसतंय. चिरोट्याचा साटा तूप आणि तांदळाच्या पिठाचा, तो मऊ असतो, लाटलं की पसरतो. बटर तसं नाही. फ्रिजमधून काढल्या काढल्या ते कडक असतं आणि भोवतीचं पीठ मऊ, म्हणून लाटण्याखाली पीठ ताणलं जातं आणि बटर तडकतं. कागदात धरून लाटण्यानं ठोक. वाकवलं तर चामड्याच्या पट्ट्यासारखं वाकलं पाहिजे, मोडता कामा नये. साधारण १२ ते १४ अंश. पीठ मात्र गारच हवं, म्हणजे दोन्हींचा कडकपणा जुळतो. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिजमध्ये विसावा, आणि दुमडण्याआधी वरचं कोरडं पीठ ब्रशनं झाडून टाक. तीनदा तीनपदरी घडी घातली की बटरचे २७ थर होतात. चौथी घडी घालायचा मोह होईल, घालू नकोस, थर मिसळून जातात आणि पाव होतो.

इथं मला मे महिन्यात क्रोसाँ करताच येत नाहीत. ४५ अंशांत बटर टेबलावर ठेवलं की तेल होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच चार महिने करते, बाकी वर्षभर खारी, जी डालड्यावर तगते, आणि संत्र्याच्या सालीची पाकवलेली कांडी. तू जिथं आहेस तिथं थंडी फुकट आहे, तिचा वापर करून घे.

पुढच्या वेळी बटर तडकलं तर घाबरून सगळा गोळा परत फ्रिजमध्ये टाकू नकोस, त्यानं ते आणखी कडक होतं. पाच-सात मिनिटं टेबलावर राहू दे, मग हलक्या हातानं ठोकून बघ. भाजून झाल्यावर एक मधोमध काप आणि आतला फोटो पाठव. पोकळ्या मोठ्या आणि एकसारख्या नसतील तर ते बटरचं आहे की फुगवण्याचं, हे मला त्यावरून सांगता येईल.